आगंतुकाचा निवास

अकोला स्थानकावरून लुंबिनी-कुशीनाराच्या यात्रेस निघणारी मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथे जाणारे उपासकही वऱ्हाडात आढळतात. निघण्यापूर्वी तारखा, भाडे, कागदपत्रे यांची कसून चौकशी होते. परंतु तेथे उतरावयाचे कोठे, हा प्रश्न बहुधा यात्रा कंपनीवर सोपविला जातो आणि मंडळी मुख्य रस्त्यावरील मोठ्या हॉटेलात जाऊन पडतात. त्याच गावी रस्त्यापासून थोडे आत, एखाद्या विहाराच्या आवारात, यात्रेकरूंसाठी मोजक्या खोल्या असतात याची अनेकांस वार्ताही नसते. त्या खोल्या स्वस्त असतात हे खरे, पण तेवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. त्या खोलीमागे दोन हजार वर्षांहून मोठा इतिहास उभा आहे.

मुक्कामाचा प्रश्न आपल्या लोकांच्या बाबतीत केवळ सोयीचा कधीच नव्हता. परमपूज्य बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला गेले. तेथे कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी स्नेह्यासमवेत एका खोलीत राहण्यास त्यांना कोणतीच आडकाठी आली नाही. पुढे 1917 मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी ते बडोद्यास आले, तेव्हा मात्र एवढ्या मोठ्या शहरात त्यांना खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांना पारशी नाव धारण करून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावून गेला. नवी जागा मिळाली नाही. सार्वजनिक बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. 1921-22 मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरील ज्या 10 क्रमांकाच्या घरात ते राहिले, ते साध्या निवासी वस्तीतले एक घर होते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. अनोळखी गावी रात्रीपुरते छप्पर कोण देतो आणि देताना काय विचारतो, यावरून त्या समाजाची पारख होते, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

या कसोटीवर बुद्धशासन कसे उतरते? राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवास उभारले, ही कथा चुल्लवग्गात आहे. ते कोणास द्यावेत असे त्याने विचारले, तेव्हा आलेल्या व न आलेल्या अशा चारही दिशांच्या संघास द्यावेत, असे भगवंतांनी सांगितले. म्हणजे जो अद्याप पोहोचलेलाच नाही, ज्याचे नावगाव कोणास ठाऊक नाही, त्याचाही त्या छपरावर हक्क आधीच नोंदला गेला. आपल्या सह्याद्रीतील लेण्यांच्या दानलेखांत 'चातुदिस' संघाचा उल्लेख वारंवार येतो, त्याचा अर्थ हाच आहे.

त्याच ग्रंथाच्या वत्तखंधकात आगंतुकवत्त आणि आवासिकवत्त, म्हणजे पाहुण्याचे व यजमानाचे कर्तव्य, तपशीलवार सांगितले आहे. पाहुण्याने आवारात शिरताना वहाणा काढून झटकाव्यात, छत्री खाली घ्यावी, घाई करू नये. पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते हे विचारावे. कोणते सेनासन आपल्या वाट्यास येते, ते रिकामे आहे की कोणी राहते आहे, जाण्यायेण्याच्या वेळांबाबत संघाचा नियम काय, हेही विचारून घ्यावे. रिकाम्या कोठडीचे दार ठोठावून क्षणभर थांबावे व मगच उघडावे. या शेवटच्या नियमामागे एक प्रसंग आहे. एका आगंतुक भिक्खूने ओसाड विहाराचे दार एकदम उघडले आणि वरून साप त्याच्या खांद्यावर पडला! आवासिकाने सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, पिण्याचे पाणी विचारावे. निघताना पाहुण्याने लाकडी-मातीची भांडी जागच्या जागी ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात, निरोप घेऊन जावे. आजच्या कोणत्याही अतिथिगृहाच्या भिंतीवर लावावी अशी ही नियमावली आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी वाट पातूरपाशी घाट चढू लागते आणि तेथेच डोंगरात विहार पद्धतीची लेणी कोरलेली आहेत. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे दान दिले. लेणी आणि वाटा यांचे हे नाते महाराष्ट्रभर दिसते. नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौसोपी विश्रामगृहे बांधल्याचे कोरून ठेवले आहे. ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचा हिशोबही त्याच लेखात आहे. पुण्य सर्व बाजूंनी जोडण्याची राजेलोकांची ही हौस जुनीच.

परदेशातील मुक्कामाचा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे येतो तो बोधगयेत. चौथ्या शतकात सिंहलद्वीपाचे भिक्खू तेथे वंदनेस आले, तेव्हा त्यांना राहण्यास धड जागा मिळाली नाही. ह्युएन त्संगच्या वृत्तांतानुसार त्यांतील एक भिक्खू राजाचाच भाऊ होता, आणि सीमेपलीकडील देशाचा म्हणून त्याची जागोजागी उपेक्षा झाली. परतल्यावर त्याने हे दुःख राजास सांगितले. राजा मेघवर्णाने समुद्रगुप्ताकडे नजराणा पाठवून अनुमती मिळविली आणि बोधिवृक्षाजवळ आपल्या देशाच्या भिक्खूंसाठी संघाराम बांधला. सातव्या शतकात ह्युएन त्संगने तो पाहिला तेव्हा तेथे सुमारे हजार भिक्खू राहत होते. अपमानाला दिलेले हे उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटते. राजाने वैर धरले नाही, याचना केली नाही. जागा मिळविली आणि घर बांधले.

त्याच शतकात इत्सिंगने खंत व्यक्त केली, की इतर देशांचे विहार भारतात आहेत, चीनचा मात्र नाही, म्हणून चिनी भिक्खूंचे हाल होतात. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाने नालंदेस विहार बांधला आणि देवपालाने त्यास पाच गावे लावून दिली. बोधगया, नालंदा, लुंबिनी येथे आज देशोदेशींचे विहार दिसतात त्यांचे मूळ या परंपरेत आहे. 1891 साली अनागारिक धर्मपाल बोधगयेस आले तेव्हा तेही ब्रह्मी राजाने बांधलेल्या विश्रामगृहातच उतरले होते.

सर्वसामान्य वाटसरूसाठी बौद्ध देशांत याहून साधी सोय होती. श्रीलंकेत वाटेवर 'अंबलम' असत: खांबांवर छप्पर आणि बसण्या-निजण्यापुरती जागा. कुरुणेगल जिल्ह्यातील पानाविटियाचे लाकडी कोरीवकामाचे अंबलम आजही पाहता येते. ब्रह्मदेशात 'जयात', थायलंडात 'साला' हे त्याचेच भाऊबंद. धनिकांइतकेच खेडुतांनीही ते पुण्यकर्म म्हणून बांधले.

लुंबिनीस जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गोरखपूरहून सोनौलीची सीमा गाठावी. भारतीय नागरिकास पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. तेथून भैरहवामार्गे लुंबिनी तासाभराची वाट. 1978 मध्ये मंजूर झालेल्या केन्झो तांगे यांच्या आराखड्यानुसार कालव्याच्या पूर्वेस थेरवादी आणि पश्चिमेस महायानी विहार आहेत. त्यांपैकी काहींत, विशेषतः कोरियन विहारात, यात्रेकरूंना साधी खोली व भोजन मिळत आले आहे. आधी कळवावे, भोजनाच्या वेळा पाळाव्यात, दानपेटीत आपल्या ऐपतीप्रमाणे टाकावे. सकाळी हॉटेलच्या बसची वाट न पाहता पायी अशोकस्तंभापाशी जाता येते, हा लाभ वेगळाच.

राहिला प्रश्न आपल्याकडचा. पातूरची लेणी पाहण्यास उद्या सिंहली वा थाई यात्रेकरू अकोल्यात उतरला, तर त्यास कोणत्या विहाराचा पत्ता द्यावा? वऱ्हाडात वस्तीवस्तीत विहार उभे राहिले. बहुतेकांत एक सभागृह, एक मूर्ती आणि वंदनेनंतर कुलूप. सभागृहाला लागून दोन खाटांची एक कोठडी, पाण्याचा माठ आणि किल्ली कोणाकडे आहे ते सांगणारी दारावरची पाटी, एवढा खर्च पुढील वर्षावासापूर्वी कोणत्याही विहार समितीस झेपण्यासारखा आहे.