फाटकावर नाव रॉयटरचं

एप्रिल 1950. स्टुटगार्ट शहराच्या उत्तरेचं त्सुफेनहाउझेन. तुम्ही पोर्शेचा कारखाना शोधत आला आहात आणि ज्या फाटकासमोर उभे आहात त्यावर नाव आहे रॉयटरचं. पत्ता चुकलेला नाही. पोर्शेची स्वतःची विटांची इमारत जवळच आहे, पण युद्ध संपल्यापासून तिथे अमेरिकी सैन्याचा मुक्काम आहे. ती परत ताब्यात यायला 1955 साल संपत यावं लागणार आहे. तोवर पोर्शे इथे भाडेकरू. रॉयटरच्या कारखान्यातली सुमारे पाचशे चौरस मीटर जागा आणि कचेरीसाठी अंगणात एक लाकडी बराक, एवढाच त्यांचा संसार.

आत चला. आधी हातोड्यांचा आवाज येतो, मग वेल्डिंगचा वास. डोळे सरावले की दिसतं एक उघडं कवच. त्याला चाकं नाहीत, काचा नाहीत, इंजिन नाही, रंग नाही. नुसता पोलादी पत्रा, पण त्याची पाठ अशी उतरत गेलेली की कुठे छप्पर संपलं आणि कुठे शेपूट सुरू झाली ते सांगता येऊ नये. एक कारागीर डाव्या हाताचा तळवा त्यावरून सावकाश फिरवतो आहे. डोळ्यांपेक्षा तळव्यावर त्याचा भरवसा जास्त. एका जागी तो थांबतो, खडूने खूण करतो, आतून ठोकळा टेकवतो आणि बाहेरून हातोडीचे तीन-चार हलके ठोके देतो. तुम्हीही हात फिरवून पाहता. तुम्हाला काहीच लागत नाही. तो तुमचं मनगट धरून तोच प्रवास पुन्हा घडवतो, अगदी हळू, आणि मग बोटांखाली एक पुसट उंचवटा जाणवतो. हे जाणवायला त्याची किती वर्षं गेली असतील, याचा विचार करत तुम्ही पुढे सरकता.

पुढे सांधे भरणं चालू आहे. दोन पत्रे वेल्ड केले की मध्ये चर राहते. ज्योतीने शिशाची कांडी मऊ करायची, लाकडी पट्टीने ते शिसं चरीत लोण्यासारखं पसरायचं, थंड झालं की कानशीने घासत आणायचं. रंगाखाली ही शिवण कुणाला दिसणार नाही, आणि दिसू नये यासाठीच ही सगळी मेहनत आहे. पलीकडे दरवाजे बसवताहेत. दरवाजा लावतात, फट बघतात, काढतात, कड किंचित वळवतात, पुन्हा लावतात. एका बॉडीचा दरवाजा दुसरीला जसाच्या तसा बसत नाही, म्हणून जुळलेल्या दरवाजांवर आणि पुढच्या-मागच्या झाकणांवर त्या बॉडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकतात. हे भाग रंगकामाला सुटे होऊन जातात आणि आकडे बघून आपापल्या घरी परततात. आज अशी जुनी गाडी विकत घेणारा जाणकार झाकण उघडून आधी तेच आकडे शोधतो.

हा आकार आला कुठून? त्यासाठी दोन वर्षं मागे आणि आल्प्सच्या पलीकडे जावं लागेल. 1948, ऑस्ट्रियातलं ग्म्युंड. बॉम्बहल्ल्यांपासून वाचण्यासाठी 1944 साली पोर्शेचं अभियांत्रिकी कार्यालय स्टुटगार्टहून या गावातल्या एका जुन्या लाकूडगिरणीत हलवलेलं आहे. पोर्शेचे बॉडी-रचनाकार एर्विन कोमेंडा यांनी कागदावर रेषा ओढल्या आहेत आणि फ्रीडरिश वेबर नावाचा पत्राकाम करणारा कारागीर लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून त्या रेषांना अंग देतो आहे. हीच 356 नावाच्या गाडीची पहिली फळी. काम देखणं, पण गोगलगाईच्या चालीने जाणारं. काही चासी स्वित्झर्लंडमधल्या टून गावच्या बॉयटलर यांच्याकडे बॉडी चढवायला पाठवल्या गेल्या, तरी ग्म्युंडच्या गाड्यांची संख्या पन्नासच्या आसपासच थांबली. लाकूडगिरणीत बसून गाड्यांचा धंदा होणार नाही, हे कंपनीचे संस्थापक फेर्डिनांड पोर्शे यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांना कळून चुकलं होतं.

म्हणून 1949 च्या नोव्हेंबरात रॉयटरकडे पाचशे बॉडींची मागणी गेली. अ‍ॅल्युमिनियमऐवजी पोलादाची, कारण पोलाद स्वस्त, त्याचं वेल्डिंग सोपं, आणि एकामागून एक बॉडी काढायची तर तेच परवडणारं. ही दोन घरं एकमेकांना अनोळखी नव्हती. रॉयटर 1906 पासून स्टुटगार्टमध्ये बॉडी बांधत होते आणि 1932 साली फेर्डिनांड पोर्शे यांनी त्सुंडाप कंपनीसाठी छोट्या गाडीचे नमुने तयार केले तेव्हा त्यांच्या बॉडी रॉयटरनेच केल्या होत्या. तरी 1949 मधली ती मागणी धाडसाची होती. गाठीला पैसा नव्हता. फेरी यांचे मित्र आल्बर्ट प्रिन्झिंग ग्म्युंडच्या गाड्या घेऊन फोक्सवागनच्या विक्रेत्यांकडे दारोदार फिरले, त्यांनी आगाऊ रकमा गोळा केल्या आणि त्या बळावर काम सुरू झालं. आत्ता, एप्रिल 1950 मध्ये, या शेडमध्ये कुणालाही ठाऊक नाही की पाचशे गाड्या तरी खपतील की नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे एसटीची चासी टाटा किंवा लेलँडकडून येते आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी बांधली जाते. ती चासी बॉडीशिवायही चालते. चालक उघड्यावर बसून तिला रस्त्यावरून घेऊन जातो. त्या त्सुफेनहाउझेनच्या शेडमध्ये तसं काही नाही. 356 ला बॉडीपासून वेगळा काढता येईल असा सांगाडाच नाही. पत्र्याच्या पेटीसारख्या पोकळ पट्ट्यांचा तळ, त्यावर वेल्ड केलेल्या बाजू आणि छप्पर, हे सगळं मिळून एकच गोष्ट. इंजिनाचा भार, खड्ड्यांचे धक्के, वळणावरचा पीळ, सगळं हाच पत्रा सोसणार. म्हणजे रॉयटर तयार गाडीला अंगरखा शिवून देत नव्हते. गाडीचा कणा तेच घडवत होते. स्पोर्ट्‌स कारच्या इतिहासात बॉडी बांधणाऱ्यांचं नाव बहुधा तळटीपेत जातं. या गाडीच्या बाबतीत तो अन्याय मला फार मोठा वाटतो.

तेवढ्यात शेडमध्ये कुजबुज होते. म्हातारे प्रोफेसर आले आहेत. फेर्डिनांड पोर्शे आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. युद्धानंतर फ्रान्समध्ये भोगलेल्या कैदेने तब्येत खचलेली, पण नजर तशीच. पुढचा प्रसंग पोर्शेच्या माणसांनी नंतर अनेकदा सांगितलेला आहे. पहिली पोलादी बॉडी त्यांच्यासमोर आणतात. ते एक स्टूल मागवतात आणि बॉडीच्या बरोबर समोर, मध्यावर बसून राहतात. कुणी बोलत नाही. कामगारांना वाटतं, प्रोफेसर दमले असावेत. बऱ्याच वेळाने ते एवढंच म्हणतात की ही बॉडी परत दुरुस्तीला न्या, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. मोजमाप होतं. बॉडी एका बाजूला दोन सेंटीमीटर सरकलेली निघते. तुम्ही मघाच्या त्या कारागिराच्या चेहऱ्याकडे बघता. त्याला राग आलेला नाही. तळव्याने उंचवटा शोधणाऱ्या माणसाला डोळ्याने तिरपेपणा पकडणारा माणूस लगेच ओळखता येतो. दोघांची भाषा एकच आहे.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात त्सुफेनहाउझेनमधली पहिली गाडी पूर्ण होते. रॉयटरकडची बॉडी रंग लावून आणि आतलं गादीकाम करूनच पोर्शेच्या भाड्याच्या जागेत येते. तिथे तिला फोक्सवागनच्या घराण्यातलं 1,086 सीसीचं, हवेने थंड होणारं, चाळीस अश्वशक्तीचं इंजिन मिळतं. गिअरबॉक्स, ब्रेक, चाकं मिळतात. समोरची काच दोन तुकड्यांची, मध्ये उभी पट्टी. पुढच्या मडगार्डवर, दरवाजाच्या जरा पुढे खाली, एक छोटी पट्टी बसवतात: रॉयटर, स्टुटगार्ट. वाकून पाहिलं तरच वाचता येईल अशा जागी.

यापुढची वर्षं भराभर ओलांडू. 1951 च्या जानेवारीत प्रोफेसर जातात. त्याच वसंतात पाचशेवी गाडी बाहेर पडते. मूळ मागणी संपली, पण थांबण्याचा प्रश्नच उरलेला नाही. ऑगस्टमध्ये हजारावी तयार होते. 1952 साली पोर्शे रॉयटरच्या शेजारीच स्वतःची नवी इमारत बांधतं. मार्च 1956 मध्ये दहा हजारावी.

मध्ये एकदा मात्र थांबू, वायडेन गावी, 1952 मध्ये. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांना अमेरिकेत शर्यतीत पळवायला हलकी, उघडी गाडी हवी आहे आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचं काम ग्लेझर या जुन्या, नामांकित घराकडे गेलं आहे. तुम्ही जिच्यासमोर उभे आहात ती अमेरिका रोडस्टर अतिशय सुंदर आहे. दरवाजे कमरेशी खोलगट कापलेले, पत्रा हातात घेतला तर कागदासारखा हलका. आणि कारखान्यावर मरणकळा आहे. हाताने ठोकलेल्या त्या प्रत्येक बॉडीचा खर्च ठरलेल्या भावाच्या वर जातो आहे. दीड डझनाच्या आसपास गाड्या झाल्या आणि ग्लेझरचं दिवाळं निघालं. बाहेरच्याला काम देण्याची ही दुसरी बाजू. बॉडीचा भाव आधी ठरतो, कष्ट नंतर मोजले जातात, आणि तोटा गाडीच्या नाकावर ज्याचं नाव नाही त्याच्या वाट्याला येतो. हॉफमन यांनी आग्रह सोडला नाही. 1954 साली तीन हजार डॉलरच्या आत बसणारी स्पीडस्टर आली, ठेंगण्या काचेची, पातळ छताची. आणि ती बांधली रॉयटरने, पोलादात, कूपेच्याच बहुतेक भागांतून. हिशेब जमला. ग्लेझरच्या त्या कामगारांचा विचार मनात येतोच. त्यांच्या हातात कसब कमी नव्हतं.

याच दशकात तुम्ही मोडेनाला गेलात तर सेर्जिओ स्काल्येत्ती फेरारीच्या सांगाड्यांवर नजरेच्या अंदाजाने पत्रा ठोकताना भेटतील. इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचला गेलात तर जेन्सन कंपनीकडून ऑस्टिन-हीलीच्या तयार बॉडी ट्रकवर चढून लाँगब्रिजच्या ऑस्टिन कारखान्याकडे निघालेल्या दिसतील. पद्धत सगळीकडची होती. छोट्या गाडी कारखान्याला प्रेसची अवाढव्य यंत्रं आणि साचे परवडत नसत, आणि पत्राकामाचं कसब पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत मुरलेलं होतं ती घरं जवळच होती.

मागणी वाढली तशी 356 ची बॉडी एकट्या रॉयटरच्या आवाक्यात राहिली नाही. हाइलब्रोनचे ड्राउट्स, ब्रसेल्सचे द'इएतरेन, ओस्नाब्र्युकचे कारमान, प्रत्येकाने वेगवेगळ्या काळात तिचे वेगवेगळे अवतार बांधले. जाणकार आजही मडगार्डवरची पट्टी बघून गाडी कुणाच्या घरची ते सांगतात. पण मुख्य घर त्सुफेनहाउझेनचंच राहिलं.

आणि तिथेच 1963 मध्ये शेवटचा मुक्काम करू. सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी गाडी उभी आहे. क्रमांक अजून 901 आहे, प्यूजोच्या हरकतीनंतर तो 911 होईल. गर्दी तिच्याभोवती आहे. त्सुफेनहाउझेनच्या कचेरीत मात्र वेगळीच चर्चा चालू आहे. नव्या बॉडीसाठी नवे साचे, नवी यंत्रं, मोठं भांडवल हवं. रॉयटर कुटुंबाला हा डाव खेळायचा नाही. एकाच गिऱ्हाइकावर सगळा कारखाना अवलंबून असताना तो खेळणं सोपंही नव्हतं. पोर्शेपुढे त्याहून मोठा पेच. ज्या गाडीचा कणा शेजारच्या घरात घडतो, त्या शेजाऱ्याने दार लावून घेतलं तर गाडीच उरत नाही. सौदा होतो. बॉडीचा कारखाना पोर्शेच्या मालकीचा होतो आणि सुमारे हजार कामगार नव्या मालकाच्या नोंदवहीत जातात. हातोडे, कानशी, वेल्डिंगची टेबलं तिथेच राहतात, काम करणारे हातही तेच.

रॉयटर कुटुंब आपल्याकडे एकच विभाग ठेवतं: खुर्च्या. गादीकामातून उभा राहिलेला तो छोटा धंदा रॉयटर आणि कारोसरी (म्हणजे बॉडी) या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून रेकारो नावाने चालू होतो. पहिल्या 911 गाड्या बांधल्या जाऊ लागतात तेव्हा त्यांच्या खुर्च्या रेकारोकडून येतात. 356 ची शेवटची नेहमीची गाडी 1965 मध्ये बाहेर पडते, पुढच्या वर्षी डच पोलिसांसाठी आणखी दहा कॅब्रिओलेट बनतात, आणि सुमारे 76,000 गाड्यांनंतर तिचं उत्पादन बंद होतं.