जखम पाहून होन: अपंगत्वाच्या भरपाईची जुनी रीत आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी

पेडणे तालुक्यातला शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. या विजयाबद्दल व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा यांना लिस्बनच्या दरबाराने गावाच्याच नावाची, आलोर्नाचे मार्क्विस ही पदवी दिली. किल्ला कोणी घेतला आणि कोणाला मान मिळाला, एवढे इतिहास नेटाने सांगतो. त्या चढाईत ज्याचा हात तुटला, त्याने पुढची तीस वर्षे काय खाल्ले, हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवते. मराठीत याला एक ठळक अपवाद आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत अफझलखानाच्या वधानंतरची नोंद आहे. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मुलगा नसलेल्यांच्या विधवांना निम्मे वेतन चालू केले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले, असे ती सांगते. मेलेल्याच्या घराची सोय आणि जगलेल्या जखमीची सोय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाण त्या नोंदीत स्पष्ट दिसते. आजचा विमा घेणारा मराठी माणूस नेमका हाच फरक विसरतो, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका बसू शकतो तो डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलामुलींना.

जखमेला दर लावण्याची कल्पना एकट्या मराठ्यांची नव्हती. त्याच शतकात कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांनीही असा दरपत्रकाचा करार केला होता. त्यांच्यासोबत वावरलेल्या एक्सक्वेमेलिनच्या 1678 मध्ये छापलेल्या वृत्तांतात तो सापडतो: उजवा हात गेला तर सहाशे चांदीची नाणी, डावा गेला तर पाचशे, एक डोळा किंवा एक बोट गेले तर शंभर. उजव्या हाताला जास्त दर, कारण तलवार त्याच हातात असते. म्हणजे लुटारूंच्या हिशेबातही अवयवाची किंमत त्याच्याकडून होणाऱ्या कामावरून ठरत होती. तरीही अशा प्रत्येक कोष्टकात एक अडचण उरतेच. तलवारबाजाचे बोट आणि सुकाणूवाल्याचे बोट त्यात एकाच भावाने मोजले जाते.

आधुनिक विम्याने ही अडचण वारशात घेतली आणि तिच्यात आणखी एका अडचणीची भर घातली. लंडनमध्ये 1849 साली रेल्वे प्रवाशांसाठी अपघात विमा सुरू झाला. रेल्वेची टक्कर ही ठरावीक वेळी, साक्षीदारांसमोर घडणारी घटना, म्हणून कंपनीला ती तपासणे सोपे होते. हळूहळू येणाऱ्या आजाराचे तसे नाही. आपल्याकडे मिळणारी ‘पर्सनल अ‍ॅक्सिडेंट’ पॉलिसी याच वंशातली आहे. तिला अपघात कळतो, पण क्षयाने किंवा यकृताच्या विकाराने काम सुटलेला माणूस तिच्या हिशेबात बसत नाही. कामगारांच्या बाबतीत कायदा थोडा पुढे गेला. जर्मनीने 1884 मध्ये आणि भारताने 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली. त्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के आणि तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के घटते, असे धरले होते. पण 1975 मध्ये डावा हात कोपराच्या वरून तुटलेल्या एका सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने त्याचे नुकसान शंभर टक्के ठरवले. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे त्यामागचे साधे कारण. हातापेक्षा हातातले काम मोजायचे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. हेच तत्त्व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला लावून पाहावे. परिशिष्टातली 14 टक्क्यांची तर्जनी त्याच्या बाबतीत सगळा व्यवसाय घेऊन जाऊ शकते.

गोव्यात या गोष्टीला वेगळी धार आहे. पणजीची वैद्यकीय शाळा 1842 सालची, आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी एक. तिथे शिकलेले डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत, तापाच्या आणि साथीच्या मुलखांत नोकरीला जात. रोग्याच्या जवळ जाणे हाच या पेशाचा धोका, हे गोव्याला तेव्हापासून ठाऊक आहे. गोवामुक्तीनंतर भारतीय कायदे इथे लागू झाले. डिचोलीच्या खाणीवर नोकरी करताना जखमी झालेल्या कामगाराला भरपाईचा कायदेशीर हक्क मिळाला. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तर आरोग्यसेवेत आणि प्रयोगशाळेत होणारा संसर्ग पहिल्याच ओळीत आहे. पण ही तरतूद नोकरदारासाठी आहे. बांबोळीच्या ‘गोमेकॉ’त, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, वॉर्डात फिरणारा एमबीबीएसचा विद्यार्थी तोच रोगी तपासतो, तीच सुई हाताळतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो कोणाचाही नोकर नसतो. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. तेही मृत्यूसाठी होते. फुप्फुसे निकामी होऊन जो जगला, त्याच्यासाठी त्यात रकाना नव्हता. जखमीचे होन त्या योजनेतून गळाले होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: विद्यार्थ्याची मिळकतच नाही, मग विमा कशाचा? याचे उत्तर न्यायालयाने 2010 मध्ये दिले आहे. अपघातात उजवा हात गमावलेल्या, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे अभियंता म्हणून काय मिळवू शकला असता, याचा हिशेब धरला. शिकणाऱ्याची खरी मालमत्ता पुढची कमाई हीच असते. अनेकदा तिच्यावर वडिलांनी शैक्षणिक कर्जही काढलेले असते. दुसरा आक्षेप असा की विशीतल्या मुलाला अपंगत्व येण्याची शक्यता फार कमी. खरे आहे. पण विमा काढायचा तो क्वचित घडणाऱ्या आणि घडले तर घर बुडवणाऱ्या गोष्टीसाठीच. शिवाय विमा अर्जात प्रकृतीची माहिती भरावी लागते. पाठीचे दुखणे, मधुमेह, नैराश्यावरचे उपचार अशा नोंदी वयाबरोबर वाढत जातात. त्या लपवल्या तर दावा नाकारला जाऊ शकतो, सांगितल्या तर अटी कडक होतात. धडधाकट असतानाच दार सताड उघडे असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरला स्वतःच्या विशेष शाखेचे काम करता येईनासे झाले की दरमहा पैसे देणारी पॉलिसी मिळते, आणि पुढे नवी वैद्यकीय तपासणी न करता ती वाढवण्याचा हक्कही मिळतो. आपल्या बाजारात असे काही विद्यार्थ्याला सहजी मिळत नाही. बहुतेक कंपन्या विम्याची रक्कम मिळकतीच्या पटीत ठरवतात. हे मान्यच करायला हवे. पण पूर्ण छप्पर मिळत नाही म्हणून भिजत राहायचे कारण नाही. म्हणूनच ‘केव्हा घ्यावा’ या प्रश्नाला एक तारीख पुरत नाही, तीन टप्पे लागतात. अठरा पूर्ण होताच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी: वर्षाला 20 रुपये, अपघाती पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, आंशिक अपंगत्वाला एक लाख. बोटासाठी तिच्यात काही नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. वॉर्डात पाऊल पडण्यापूर्वी हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण करावी, मिळेल तेवढ्या रकमेचा अपघात विमा घ्यावा आणि आजारपणासाठी आरोग्य विमा वेगळा ठेवावा. इंटर्नशिपचा स्टायपेंड सुरू झाला की, पदव्युत्तर प्रवेशाची वाट न पाहता, अपंगत्व आणि गंभीर आजार या दोन्हींचे संरक्षण वाढवावे.

पालकांनी मुलाच्या नावाने पहिली पॉलिसी काढताना ती कशाची, हे एकदा तपासावे. ज्याच्यावर अजून कोणी अवलंबून नाही, त्याच्या आयुर्विम्याची घाई नसते. आधी तो जगला आणि काम करू शकला नाही, तर काय, याची तजवीज हवी. आणि जिथे एकट्याला पॉलिसी मिळत नाही, तिथे समूहाला मिळू शकते. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच सर्व विद्यार्थ्यांसाठी अपघात आणि कामातून होणारा संसर्ग या दोहोंतून येणाऱ्या अपंगत्वाचा सामूहिक विमा उतरवावा. जखमींची सोय मृतांच्या सोयीपासून वेगळी लावण्याची रीत साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होती. ती पुन्हा लावायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.