भिरूडाचे जबडे आणि चेनसॉची धार

वर्ध्याला 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना आकाराला आली. योजनेत मूलोद्योग म्हणून सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामही सुचवलेले होते. सुतारकामात हत्यार चालवण्याआधी त्याला धार लावता आली पाहिजे. करवतीचे दात आलटून-पालटून डावीकडे-उजवीकडे वाकवायचे आणि एकेक दात त्रिकोणी कानशीने घासायचा. हे काम तासभर चाले आणि बारीक नजर मागे.

आज वर्धा जिल्ह्यात वादळाने आडवा झालेला कडुनिंब रस्त्यावरून हलवायचा असेल, तर बहुधा चेनसॉ येतो. साखळी बोथट झाली की चालक गोल कानस काढतो, किंवा मुठीत मावणारे विजेचे यंत्र काढून त्याच्या टोकावरचा पेन्सिलीएवढा दगड दातांवर फिरवतो. एका दाताला काही सेकंद पुरतात. ते काही सेकंद कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे.

साखळीची करवत मुळात लाकडासाठी निघालीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या वैद्यांनी हाड कापण्यासाठी बारीक दातांची साखळी वापरली. 1830 मध्ये जर्मनीतील बर्नहार्ड हाइने याने तिला पट्टी व फिरवण्याची मूठ जोडली. लाकडासाठी आंद्रेआस श्टील यांची विजेवर चालणारी करवत 1926 साली आली, पेट्रोलची 1929 मध्ये. यंत्र बदलले, पण दात मात्र जुन्या हातकरवतीच्या धाटणीचेच राहिले. ते लाकूड ओरबाडत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावणे हे जाणत्याचेच काम असे.

हा पेच सुटला तो एका अळीमुळे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या 1946 च्या शरद ऋतूत सरपण फोडत होता. ओंडक्यात त्याला बोटाएवढी जाड अळी दिसली. ती लाकडाच्या रेषांना आडवी आणि रेषांच्या दिशेने, दोन्ही प्रकारे सारख्याच सहजतेने पोखरत होती. आपल्याकडे आंब्याच्या खोडात शिरून भोकातून भुसा बाहेर टाकणारा भिरूड याच कुळातला. कॉक्सने पाहिले, की अळीचे इंग्रजी सी अक्षरासारखे दोन जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालतात. तोच आकार त्याने पोलादात उतरवला. एक दात डावा, पुढचा उजवा आणि प्रत्येकाची धार आत वळलेली. 1947 मध्ये ही साखळी विक्रीला आली. आजच्या बहुतेक साखळ्यांचे दात तिचेच वंशज आहेत. अळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे जबडे किती जणांनी पाहिले?

दाताची आतली बाजू गोलाईची असल्यामुळे धार लावण्याचे साधनही गोल झाले. कानस 4 ते 5.5 मिलिमीटर व्यासाची, कोन साधारण 30 अंशांचा, आणि घासायचे आतून बाहेर. बाहेरच्या पृष्ठावर क्रोमियमचा कठीण थर असतो. बाहेरून आत घासले तर तो उकलण्याचा धोका असतो.

विजेच्या यंत्राची गोष्ट दोन धाग्यांची. पहिला धागा दगडाचा. शिकलगाराच्या सहाणेला लागणारा कुरुंद आपल्याकडे फार जुना. इंग्रजीतील कोरंडम हा शब्दच तमिळमधून गेला. 1891 मध्ये एडवर्ड अचेसनने विजेच्या भट्टीत माती आणि कोक तापवून चमकदार, अतिकठीण स्फटिक मिळवले. हे कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघाले. कुरुंदाचा त्यात अंशही नाही, नाव मात्र टिकले! दुसरा धागा मोटरीचा. जर्मनीत फाइन यांच्या कारखान्याने 1895 मध्ये हाती धरण्याजोगे विजेचे ड्रिल बनवले; अमेरिकेत आल्बर्ट ड्रेमेल यांचे वेगाने फिरणारे छोटे यंत्र 1935 मध्ये आले.

इतका वेग कशाला? वर्गात सोडवता येईल असे हे गणित आहे. 4.8 मिलिमीटर व्यासाच्या दगडाचा परीघ सुमारे 15 मिलिमीटर. मिनिटाला 25,000 फेरे धरले तरी कडेचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास. 150 मिलिमीटरचे साधे चाक 3,000 फेऱ्यांतच जवळजवळ त्याच्या चौपट वेग देते. लहान दगडाला वेग भरून काढण्यासाठी फेरेच वाढवावे लागतात.

आणि इथेच धोका आहे. दगड दाताच्या अगदी लहानशा भागावर टेकतो, घर्षणाची उष्णता तिथेच साठते. पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या सुमारास निळसर दिसू लागते. दाताच्या टोकाला असा निळा डाग दिसला, तर त्याचे पाणी उतरले असे लोहार म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. त्या भागाचा कठीणपणा बिघडलेला असतो, धार टिकत नाही. कानशीने हात दुखतो, पण दात जळत नाही. म्हणून आम्ही घाईच्या कामाला विजेचे यंत्र आणि रोजच्या कामाला कानस बरी समजतो. यंत्र वापरायचेच, तर दगड हलका टेकवावा, क्षणभरात उचलावा. दगडही झिजतो, त्याचा व्यास घटला की दाताची गोलाई बदलते आणि कॉक्सचा आकार हळूहळू हरवतो.

पुष्कळांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. प्रत्येक दातापुढे एक उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल जाणार हे तो ठरवतो; दोघांच्या उंचीत साधारण 0.65 मिलिमीटर फरक असतो. दाताचा माथा मागे उतरता असल्यामुळे घासत घासत तो ठेंगणा होतो आणि फरक उरत नाही. मग धार असूनही साखळी कापत नाही, कपच्यांऐवजी पीठ पडते, आणि चालक जोर लावत बसतो. तेव्हा उंचवटाही सपाट कानशीने उतरवावा लागतो. मात्र जास्त उतरवला, तर दात एकदम खोल रुततो आणि यंत्र उसळून चालकाच्या अंगावर येऊ शकते.

टाकून दिलेल्या साखळीचा तुकडा मिळाला, तर विद्यार्थ्यांना व्हर्नियर देऊन डाव्या आणि उजव्या दातांची लांबी मोजायला लावावी. एका हाताला सोयीचे दात जास्त घासले जातात, त्यामुळे दोन्ही बाजू क्वचितच सारख्या निघतात. मग कापलेल्या ओंडक्याचा छेद सरळ जात नाही. ज्या बाजूचे दात लांब आणि तीक्ष्ण, त्या बाजूला तो वळतो.