गणक कोठे बसतो? : हिमालयातील गणनसाधनांविषयी एक टिपण

'कंप्यूटर' हा शब्द आज यंत्राचा वाचक आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात तो माणसाचा हुद्दा होता. राधानाथ सिकदर हे कलकत्त्यास या खात्याचे मुख्य कंप्यूटर होते. आपला 'गणक' हा जुना शब्द कर्तृवाचक, आणि त्यावरून सिद्ध झालेला 'संगणक' हाही कर्तृवाचकच. माणूस गेला, प्रत्यय राहिला!

१५ क्रमांकाच्या शिखराचे वेध १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरून घेतले गेले. हवेमुळे किरण वाकतात; त्याची दुरुस्ती करीत गणित पुढे अनेक वर्षे, अनेक हातांनी चालले, आणि १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. सिकदरांना एके दिवशी सर्वोच्च शिखर सापडले, ही कथा म्हणूनच मला फार नाटकी वाटते. परंतु १८६५ साली शिखराला नाव मिळाले ते १८४३ मध्येच निवृत्त झालेल्या एव्हरेस्टचे, हेही विसरता येत नाही.

जे प्रत्यक्ष थंडीत गेले त्यांच्याकडे गणक नव्हता. मोजणीची साधने होती. कुमाऊंतील मिलमचे नैनसिंह १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलांस एक मणी, म्हणजे एका फेऱ्यात दहा हजार पावले. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडविलेले. कृत्रिम क्षितिजासाठी लागणारा पारा कवड्यांत भरून नेलेला. पाणी किती अंशांवर उकळते यावरून स्थळाची उंची काढावयाची. मण्यांना थंडी बाधत नसे. पारा मात्र उणे ३९ अंशांस गोठतो.

पुढे संगणकच पाठीवरून पर्वत चढू लागला, तेव्हा अडचणींचे स्वरूप पालटले. फिरत्या तबकडीवरील वाचनशीर्ष हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगते. विरळ हवेत तो आधार अपुरा पडतो. म्हणून अशा तबकड्यांस साधारणतः ३,००० मीटरची मर्यादा सांगितली जाई. एव्हरेस्टचा नेपाळकडील तळ ५,३०० मीटरांहून उंच आहे, तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. काटक बनावटीची पेटी आपटण्यापासून वाचवील. विरळ हवेवर तिचा इलाज नाही. तबकडीविरहित स्मृतिसाधने आल्यावर हा प्रश्न सुटला, बॅटरीचा मात्र राहिला. लिथियमची बॅटरी गारठली की कमी वीज देते, आणि शून्य अंशाखाली ती भारित केल्यास आत लिथियम धातूचा थर जमून ती कायमची बिघडते. म्हणून गिर्यारोहक रात्री ती झोपण्याच्या पिशवीत उराशी घेऊन निजतात. गारठलेले यंत्र उबदार तंबूत आणावे, तर त्यावर दव धरते.

२२ मे २०१९ रोजी पहाटे तीनच्या सुमारास नेपाळचे मोजणीदार शिखरावर पोहोचले व त्यांनी उपग्रहांचे संकेत टिपले. गणित झाले ते मात्र खाली काठमांडूस. चीनच्या मोजणीशी मेळ घालून ८ डिसेंबर २०२० रोजी ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर करण्यात आला.