ट्रकचा गिअर कसा बदलतात? क्लच, रेस आणि उतारावरचं गणित

वणी तालुक्यातल्या उकणी, निलजई अशा खाणींतून कोळसा भरून निघणारे टिपर, जिनिंगमधून कापसाच्या गाठी नेणारे ट्रक आणि पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्गाने (एनएच ४४) रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक तरुणांसाठी ट्रक ड्रायव्हिंग हा रोजगाराचा खरा पर्याय आहे. पण कार चालवता येते म्हणून ट्रक चालवता येतो, असं होत नाही. सगळ्यात मोठा फरक गिअरमध्ये आहे. तो नेमका काय आहे, ते या लेखात पाहूया.

ट्रकला इतके गिअर का लागतात?

कापसाची एक गाठ साधारण १७० किलोची असते. म्हणजे १०० गाठी झाल्या की १७ टन फक्त माल. दहा टायरच्या तीन अ‍ॅक्सल ट्रकला मालासकट २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे. छोटी कार साधारण एक टनाची असते.

एवढं वजन ओढणारं डिझेल इंजिन ताकदवान असतं, पण ते फार वेगाने फिरत नाही. बाइकचं इंजिन ८-९ हजार आरपीएमपर्यंत सहज जातं. ट्रकचं इंजिन बहुतेक वेळ साधारण १००० ते १६०० आरपीएममध्येच चालवायचं असतं. आरपीएम मीटरवरचा हिरवा पट्टा तोच. पट्टा इतका छोटा असल्यामुळे इंजिनाला त्यात ठेवायला जास्त गिअर लागतात. म्हणून आपल्याकडच्या ट्रकमध्ये ६ किंवा ९ स्पीडचे गिअरबॉक्स दिसतात.

९ स्पीडच्या अनेक गिअरबॉक्समध्ये एक क्रॉलर, चार लो आणि चार हाय असे गिअर असतात. काही गाड्यांमध्ये लो-हाय बदलायला गिअरच्या नॉबवर स्विच असतो. स्विच आधी टाकायचा, मग लिव्हर न्यूट्रलमधून न्यायचा. गाडी वेगात असताना हायमधून लोमध्ये टाकायचं नाही, गिअरबॉक्स तुटू शकतो.

गिअर बदलताना आत काय होतं?

गिअर बदलणं म्हणजे वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एका वेगाला आणून जोडणं. वेग जुळला तर गिअर लोण्यासारखा पडतो, नाही जुळला तर ‘खर्रर्र’ आवाज येतो.

सोपं उदाहरण घेऊ. समजा तिसऱ्या गिअरचं प्रमाण २ आहे आणि चौथ्याचं १.५. प्रमाण २ म्हणजे चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन दोनदा फिरतं.

• तिसऱ्यात इंजिन १६०० वर आहे, म्हणजे शाफ्ट ८०० ने फिरतोय.
• चौथ्यासाठी इंजिन हवं ८०० × १.५ = १२०० वर.
• म्हणजे वरचा गिअर टाकताना १६०० वरून १२०० वर येईपर्यंत थांबायचं.
• खालचा गिअर टाकताना उलट: १२०० वरून १६०० वर न्यायचं.

वर जाताना काम सोपं आहे, कारण रेस सोडली की वेग आपोआप उतरतो. खाली येताना वेग आपोआप वाढत नाही, तो रेस देऊन वाढवावा लागतो. नवशिके इथेच अडकतात.

आजच्या बहुतेक भारतीय ट्रकमध्ये सिंक्रोमेश असतं. त्यातली रिंग गिअरला घासून दोन्ही वेग जुळवून देते. पण ट्रकचे गिअर जड असतात, त्यामुळे रिंगला थोडा वेळ लागतो. लिव्हर हिसका देऊन ढकलला तर रिंग झिजते. हलका दाब धरून ठेवा, वेग जुळला की गिअर स्वतःहून आत जातो.

गाडी कशी उचलायची?

१. हवेचं प्रेशर पूर्ण भरू द्या. बझर वाजत असेल तर गाडी हलवायची नाही.
२. क्लच पूर्ण दाबा. गाडी लोड असेल तर पहिला, रिकामी असेल तर अनेकदा दुसरा गिअर चालतो. क्रॉलर फक्त अवघड चढावर.
३. क्लच हळू सोडा. सपाटीवर रेस जवळजवळ लागतच नाही.
४. गाडी ओढ घ्यायला लागली की पार्किंग ब्रेक सोडा.
५. गाडी चालू लागली की क्लचवरून पाय पूर्ण काढा. हाफ क्लचवर लोड गाडी ओढली की क्लच प्लेट जळते.

वरचा गिअर: रेस सोडा, क्लच दाबा, न्यूट्रलमध्ये आणा, क्षणभर थांबा, पुढचा गिअर टाका, क्लच सोडा.

खालचा गिअर (डबल क्लच): ब्रेकने वेग कमी करा. क्लच दाबून न्यूट्रलमध्ये आणा. क्लच सोडा आणि थोडी रेस द्या. पुन्हा क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा. मधल्या वेळी क्लच सोडलेला असतो म्हणून रेस दिल्यावर गिअरबॉक्सच्या आतला शाफ्टही वेग घेतो. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या गाड्यांत हे करावंच लागतं. नव्या गाड्यांत सक्ती नाही, पण केल्याने रिंगवरचा ताण कमी होतो.

चढ: गिअर आधी, चढ नंतर

खुल्या खाणीत लोड गाडीला खालून वर चढून यावं लागतं. गिअर बदलताना दोन सेकंद जरी इंजिनाची ओढ तुटली तरी चढावर लोड ट्रक जवळजवळ थांबतो. म्हणून योग्य गिअर पायथ्यालाच टाका. मध्ये बदलावा लागलाच तर आरपीएम हिरव्या पट्ट्याच्या खाली पडायच्या आधी बदला.

उतार: चूक इथेच जिवावर बेतते

गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागे खेचून धरतं. एक्झॉस्ट ब्रेकही याच तत्त्वावर चालतो, म्हणून न्यूट्रलमध्ये त्याचा उपयोग शून्य. गाडी न्यूट्रल मारली की २५-२८ टनांचं सगळं ओझं चाकांच्या ब्रेकवर येतं. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कंप्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने वीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

‘न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं’ हा समज आता चुकीचा आहे. नव्या इंजिनात ईसीयू असतो. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर रेस सोडली की तो डिझेल जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं.

• जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तसा उतार त्याच किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतरा.
• गिअर उतार सुरू होण्याआधी टाका.
• ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा.
• उतारावर गिअर पडला नाही, तर लिव्हरशी झटापट करत बसू नका. ब्रेक गार आहेत तोवर आधी वेग पाडा, शक्य असेल तर गाडी थांबवा, मग गिअर टाका.

लायसन्सचे नियम

ट्रकसारखं ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय किमान २० वर्षं हवं. त्याचं लर्निंग लायसन्स काढण्याआधी हलक्या वाहनाचं (एलएमव्ही) लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली आहे. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो. उस्तादासोबत क्लीनर म्हणून फिरताना बरंच शिकता येतं, पण लर्निंग लायसन्स नसताना रस्त्यावर स्टिअरिंग हातात घेणं बेकायदेशीर आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रकच्या गेममधून हे शिकता येतं का?
लो-हायचा क्रम आणि गिअरची जागा लक्षात राहते. पण क्लचची ओढ आणि लोड गाडीचा धक्का फक्त खऱ्या सीटवर कळतो.

एएमटी ट्रक आल्यावर हे शिकायची गरज आहे का?
आहे. एएमटीमध्ये वर केलेलं गणित कंप्युटर करतो आणि क्लचही तोच दाबतो. पण रस्त्यावर मॅन्युअल ट्रक अजून खूप आहेत. शिवाय एएमटी असली तरी पुढे उतार आहे, हे ओळखून वेळेत वेग कमी करायचं काम ड्रायव्हरचंच आहे.

शिकायला सुरुवात कुठून करू?
रिकामी गाडी, सपाट मैदान आणि शेजारी अनुभवी प्रशिक्षक. वरचे गिअर आवाज न होता पडायला लागले की डबल क्लचने खाली यायचा सराव करा. तो पक्का झाल्याशिवाय लोड गाडी घेऊन उतारावर जाऊ नका.