सीजीआयटीबी (पायथन मॉड्यूल)

सीजीआयटीबी हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतील एक मॉड्यूल होते. संकेतस्थळावर चालणाऱ्या आज्ञावलीत बिघाड झाला, तर त्याचा सविस्तर तपशील थेट ब्राउझरच्या पानावर दाखवणे हे त्याचे मुख्य काम होते. का-पिंग यी यांनी लिहिलेले हे मॉड्यूल 2001 मधील पायथन 2.2 या आवृत्तीपासून भाषेसोबत मिळू लागले. 7 ऑक्टोबर 2024 रोजी प्रसिद्ध झालेल्या पायथन 3.13 मधून ते वगळण्यात आले. नावातील ‘टीबी’ ही अक्षरे ट्रेसबॅक या शब्दाची आहेत. आज्ञावली कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये जाऊन अखेर कोठे अडली, याच्या नोंदीस ट्रेसबॅक म्हणतात.

पार्श्वभूमी

सीजीआय, म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस, ही वेब सर्व्हर आणि आज्ञावली यांच्यातील देवाणघेवाणीची 1993 मध्ये रूढ झालेली पद्धत आहे. वाचकाने पान मागितले की सर्व्हर आज्ञावली सुरू करतो, आणि ती जे छापील ते जसेच्या तसे ब्राउझरकडे पाठवतो. आज्ञावली मध्येच बंद पडल्यास चुकीचा तपशील सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जातो. ब्राउझरमध्ये मात्र ‘500’ हा क्रमांक आणि सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड झाल्याचे एक मोघम वाक्य एवढेच दिसते.

भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर पाने ठेवणाऱ्या अनेकांना लॉग पाहण्याची मुभाच नसे. चूक झाली आहे हे कळे, पण ती कोणत्या ओळीत आहे हे कळण्यास मार्ग नसे. नवशिक्याची ही कोंडी सीजीआयटीबीने फोडली. आज्ञावलीच्या आरंभी मॉड्यूल आयात करणारी एक ओळ आणि ते कार्यान्वित करणारी दुसरी, एवढ्यावर काम भागत असे.

कार्यपद्धती

न हाताळलेली चूक उद्भवली की पायथन एक ठरावीक फंक्शन बोलावते. सीजीआयटीबी त्या जागी स्वतःचे फंक्शन बसवत असे. मग जांभळ्या पट्टीच्या मथळ्याखाली चुकीचा प्रकार, प्रत्येक टप्प्यावरील फाइलचे नाव, चुकीच्या ओळीसह तिच्या आसपासच्या मिळून साधारण पाच ओळी आणि त्या क्षणी चलांमध्ये असलेली मूल्ये असा मजकूर उमटे. साध्या ट्रेसबॅकमध्ये चलांची मूल्ये नसतात. सीजीआयटीबीचे खरे वैशिष्ट्य तेच होते. पुढे वेबबाहेरील आज्ञावलींसाठी साध्या मजकुराच्या स्वरूपातही हा अहवाल मिळण्याची सोय झाली.

एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. आज्ञावली निम्मे पान छापून बंद पडली, तर एखादा तक्ता किंवा टॅग उघडाच राहून अहवाल त्यात अडकून दिसेनासा होण्याची शक्यता असते. म्हणून हे मॉड्यूल आधी बंद करणाऱ्या टॅगांची एक माळच पाठवी आणि त्यानंतर अहवाल छापत असे.

सुरक्षेचा प्रश्न

जी मूल्ये लेखकाला उपयोगी, तीच परक्याच्या हाती पडली तर घातक ठरतात. एखाद्या चलात डेटाबेसचा पासवर्ड असेल, तर तोही पानावर छापला जाई. फाइलींचे मार्ग आणि मूळ आज्ञावलीचा काही भागही उघड होई. अहवाल पानावर न दाखवता ठरावीक फोल्डरमध्ये साठवण्याचा पर्याय मॉड्यूलमध्ये होता, परंतु पूर्वनिर्धारित वर्तन मात्र सर्वांना दाखवण्याचे होते. चाचणीच्या वेळी घातलेल्या त्या दोन ओळी काढायला लेखक विसरला की घराचे दार उघडेच राहिले म्हणायचे.

वगळण्याचा निर्णय

पायथनची ख्याती सर्व साहित्य सोबत देणारी भाषा अशी आहे. तथापि सोबत दिलेल्या प्रत्येक मॉड्यूलची देखभाल मोजक्या स्वयंसेवकांना करावी लागते. ख्रिश्चन हाइम्स आणि ब्रेट कॅनन यांच्या पीईपी 594 या प्रस्तावात निरुपयोगी झालेली मॉड्यूल काढून टाकण्याची योजना होती. मे 2019 मध्ये मांडलेला हा प्रस्ताव मार्च 2022 मध्ये स्वीकारला गेला. त्यानुसार 3.13 मधून एकूण 19 मॉड्यूल गेली. सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट आणि एनएनटीपीलिब ही त्यांपैकी काही.

सीजीआयटीबीबाबतचा युक्तिवाद सरळ होता. सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागते, त्यामुळे ती मंद व खर्चिक पडते. जँगो, फ्लास्क यांसारख्या प्रमुख वेब चौकटींपैकी कोणीही सीजीआयटीबी वापरत नव्हते. मूळ सीजीआय मॉड्यूलच जाणार असल्याने त्याच्या सोबत्याला राहण्याचे कारण उरले नाही.

परिणाम

पायथन 3.11 पासून हे मॉड्यूल आयात करताच पूर्वसूचना दिली जाऊ लागली. पण ती सूचना सर्व्हरच्या लॉगमध्येच जात होती, म्हणजे ज्यांना लॉग पाहता येत नाही म्हणून ज्यांनी हे साधन वापरले, त्यांच्या नजरेस ती पडण्याची शक्यता सर्वांत कमी होती. 3.13 वर तर अशी आज्ञावली मॉड्यूल आयात करण्याच्या ओळीवरच थांबते. चूक दाखवणारे साधनच जागेवर नसल्याने पानावर पुन्हा तेच ‘500’ दिसते. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले एखादे नोंदणीपत्र सर्व्हर अद्ययावत होताच बंद पडते, ते असे.

जुन्या आज्ञावलींसाठी लेगसी-सीजीआय हे स्वतंत्र पॅकेज उपलब्ध आहे. त्यात सीजीआय आणि सीजीआयटीबी ही मॉड्यूल त्याच नावांनी मिळत असल्यामुळे मूळ आज्ञावलीत बदल करावा लागत नाही. मात्र सर्व्हरवर ते निराळे बसवावे लागते. चलांच्या मूल्यांसह अहवाल हवा असल्यास प्रमाणित लायब्ररीतील ट्रेसबॅक मॉड्यूलमध्ये 3.5 या आवृत्तीपासून तशी सोय आहे, परंतु पानाची मांडणी आपली आपण करावी लागते. पायथन 3.12 मध्ये सीजीआयटीबी अद्याप असून त्या आवृत्तीला ऑक्टोबर 2028 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत.