खाते कोणते, त्यावर पगार

शिकून मुलगा किती मिळवणार, हा प्रश्न गिरणगावात फार जुना आहे. परळ-लालबागच्या चाळींत मात्र शिक्षण म्हणजे शाळा नव्हे, खाते. हात कोणत्या खात्यात बसला, यावर घरची चूल ठरायची.

कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा विणाई खात्याचा मान वाढला. रिंगवरच्या कामगाराला ठरीव पगार, विणकराला मात्र विणेल तितके. त्यामुळे हात चालणारा विणकर सूतखात्यापेक्षा बरेच अधिक मिळवी. हे काम शाळेत शिकवत नसत. मामा नाहीतर गाववाला मागाशेजारी उभा करी आणि जॉबर नाव घालून घेई. उत्तरेतून मदनपुऱ्यात आलेले मोमीन हातमागाची विद्या बरोबर घेऊनच आले होते. त्यांना आणि कोकण-घाटावरच्या मराठा गड्यांना माग मिळाले.

दलितांना मिळाले नाहीत. धोट्यात नवी बाबीन घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि दलिताच्या ओठांना लागलेला धोटा इतरांना चालत नसे. एवढ्याशा कारणाने माणसे पिढ्यान्‌पिढ्या कमी पगाराच्या खात्यात राहिली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. हे माग सांभाळणाऱ्यांत मुसलमानही होते, हे मला विसरता येत नाही.

कागदावरची विद्या वेगळी. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये निघाली, आधी भायखळ्याला, १९२३ पासून माटुंग्याला. तिथला कापडविद्येचा पदविकाधारक, म्हणजे एल.टी.एम., पुढे गिरणीत विव्हिंग मास्तर होऊ शके. यंत्रविद्येचा एल.एम.ई. आणि विजेचा एल.ई.ई. यांनाही गिरणीत काम होते, पण त्यांना गिरणीबाहेरही काम होते. हा फरक भरभराटीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

तो आला १८ जानेवारी १९८२ नंतर. डॉ. दत्ता सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या बसल्या तेव्हा फिटर, टर्नर, वायरमन यांना ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कुठला तरी कारखाना शोधता येत होता. विणकराला उरली भिवंडी. तिथे यंत्रमागावर बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे नाव नाही. ज्या खात्यात शिरण्यासाठी जॉबरचे हात ओले करावे लागत, त्याच खात्यातली कसबी माणसे पुढे वॉचमन झाली, भाजी विकू लागली. चाळीतल्या मुलाने दहावीनंतर आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा, याची चर्चा त्यानंतर फार बारकाईने होऊ लागली.

माटुंग्याच्या संस्थेचे नाव १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई झाले, इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. कापडविद्या तिथे अजून शिकवतात. तो वर्ग संपवून निघालेल्या मुलाला नोकरीसाठी लालबागकडे वळावे लागत नाही.